राग ऐकून चित्र काढायचं, तर गाणं आधी थांबू द्या

आर्वी तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे: "शाळेत असताना इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा दिली, पुढे चित्रकला शिकता आली नाही. ओलिताला रात्रीची लाइन असते तेव्हा वावरात मोबाईलवर शास्त्रीय गाणं ऐकतो. ऐकताना आत काहीतरी होतं, पण दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसलो की ढग, मोर, सतार आणि समई यापलीकडे काही येत नाही. गाणं शिकलेलो नाही, रागातलं फारसं कळत नाही. सामान वर्ध्याहून आणावं लागतं, महागही पडतं. काय करू?"

रात्री ऐकायचं आणि चित्र दुसऱ्या दिवशी काढायचं, ही तुम्हाला अडचण वाटते आहे. मला ती तुमच्या हातातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. मी बरीच वर्षं गाणं ऐकून चित्रं काढतो, मुलांनाही शिकवतो, आणि गाणं चालू असताना रंगाला हात लावू नका हे पहिल्याच दिवशी सांगतो. गाणं चालू असलं की हात त्याच्या मागे पळतो. तान आली की रेघ नागमोडी होते, तबला चढला की ठिपके पडायला लागतात, तिहाई आली की तीन फटकारे. अर्ध्या तासात कागद भरून जातो, पण ते चित्र कोणत्याही रागाचं असू शकतं, कारण तान आणि तिहाई सगळीकडेच असतात. गाणं थांबून रात्र उलटली की हा सगळा तपशील गळून जातो आणि मोजक्या गोष्टी उरतात. गायक पुन्हा पुन्हा कुठे येऊन थांबत होता, कुठे जायचं टाळत होता, खाली किती वेळ रेंगाळला, वर कधी गेला आणि तिथे टिकला की लगेच उतरला. रागाचं चलन म्हणतात ते एवढ्यातच असतं आणि चित्र त्यातून काढायचं. ग्रेड परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. बाजार समोर नसताना बाजार काढायचा. तोच पेपर पुन्हा द्यायचा आहे असं समजा, फक्त या वेळी विषय डोळ्यांनी पाहिलेला नाही.

कागदावर मोर का येतो, तेही बघू. आपल्याकडे राग आणि चित्र यांचं नातं फार जुनं आहे. राजस्थानात, दख्खनमध्ये आणि पहाडी दरबारांत रागमाला, म्हणजे रागांच्या चित्रांच्या मालिका, रंगवल्या गेल्या. मेवाडमधल्या चावंड इथे 1605 मध्ये नासिरुद्दीन नावाच्या चिताऱ्याने केलेली रागमाला प्रसिद्ध आहे. या परंपरेत तोडी म्हणजे वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्याभोवती हरणं, आसावरी म्हणजे सापांच्या संगतीत बसलेली स्त्री, हिंदोल म्हणजे झोपाळा, ककुभ म्हणजे मोरांमध्ये उभी असलेली विरहिणी. ही चित्रं मला अतिशय प्रिय आहेत. त्यांतले लाल-पिवळे सपाट रंग कितीही वेळ बघत राहावेत असे आहेत. पण त्या चिताऱ्यांना आधार होता तो रागाचं ध्यान, म्हणजे त्याचं मूर्त रूप, सांगणाऱ्या श्लोकांचा. कितीतरी चित्रांच्या माथ्यावर ते श्लोक लिहिलेलेही असतात. म्हणजे ती शब्दांवरून निघालेली चित्रं आहेत, आणि तुम्ही तर स्वर ऐकता. मल्हार ऐकून ढग काढला तर रागाचं नाव रंगवलं गेलं, ऐकलेलं बाजूलाच राहिलं. त्यासाठी एक साधा उपाय: फोनमध्ये गाणी भरून ठेवा आणि रात्री लावताना नाव न बघता लावा. नाव सकाळी, चित्राचा पहिला आराखडा झाल्यावर बघा.

दुसरी सोपी वाटणारी वाट म्हणजे प्रत्येक स्वराला एक रंग नेमून द्यायचा. हेही आजचं नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या 'संगीतरत्नाकर'मध्ये षड्ज (सा) कमळाच्या रंगाचा, गांधार (ग) सोन्याचा, मध्यम (म) कुंदफुलासारखा पांढरा आणि पंचम (प) काळा सांगितला आहे. तिकडे रशियात स्क्रियाबिन या संगीतकाराने 1910 मध्ये पूर्ण केलेल्या 'प्रॉमिथियस'मध्ये वाद्यांच्या ओळींबरोबर रंगीत प्रकाशाची वेगळी ओळच लिहून ठेवली. वाचायला हे सगळं सुरेख आहे, पण चित्र काढायला मला कधी उपयोगी पडलेलं नाही, आणि त्याचं कारण रागातच आहे. भैरवातला कोमल रिषभ, म्हणजे थोडा खाली उतरलेला रे, डोलत डोलत 'सा'कडे झुकतो. मारव्यातला कोमल रिषभ आपल्या जागी ठाम बसतो. स्वर एकच, वागणं पूर्ण वेगळं. दोघांना एकच रंग दिला तर जे ऐकण्यासारखं होतं तेच पुसलं जाईल.

आता हाताने करायची गोष्ट. मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग मिळवा. तिघांचे स्वर तेच: सा, कोमल रे, ग, तीव्र म, ध, नी. पंचम तिघांतही नाही. तरी तिघं वेगळे ऐकू येतात, गाणं न शिकलेल्या माणसालाही. मारव्यात भार कोमल रिषभावर आणि धैवतावर (ध) असतो आणि सा बराच वेळ टाळला जातो. गायक त्याच्या आजूबाजूने फिरत राहतो, आणि शेवटी सा लागतो तेव्हा ऐकणाऱ्याचा अडकलेला श्वास मोकळा होतो. पूरिया गंधार-निषादाच्या (ग-नी) आधाराने मंद्र आणि मध्य, म्हणजे खालच्या आणि मधल्या, सप्तकात रमतो. सोहनी वरच्या अंगाचा, तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या 'सा'कडे, झेपावणारा, रात्रीच्या शेवटच्या प्रहरातला. बाकीचे दोघं सांजवेळचे.

तीन सारखे कागद घ्या. तिन्हींवर रंग तेच: गेरू, काळी माती, काजळी आणि कोरा सोडलेला कागद. चौथा रंग घेऊ नका. मारव्याच्या कागदावर क्षितिजाची रेघ काढायची नाही. सा म्हणजे जमीन, आणि ती नजरेला सहज मिळता कामा नये. क्षितिज जिथे यायला हवं त्याच्या किंचित वर गेरूचा एक जड पट्टा बसवा, इतका जवळ की जमीन आता लागेल असं वाटत राहावं. दुसरा भार बराच वर, धैवताचा. या दोघांच्या मधे, जिथे पंचम असता, तो भाग कोरा ठेवा. हा कोरा भाग भरून टाकायचा मोह फार होतो. मुलं हमखास तिथे एखादं पाखरू उडवतात. तो तसाच राहिला पाहिजे. अगदी शेवटी, खालच्या कडेला एकाच ठिकाणी, काळ्या मातीचा हात टेकवून जमीन दाखवा.

पूरियाच्या कागदावर सगळं वजन खालच्या तिसऱ्या भागात. वरचा कागद हलक्या हाताने गेरूच्या पाण्याने पुसून घ्या, तिथे काही घडू देऊ नका. सोहनीला उलट करा: वजन वरच्या कडेला नेऊन भिडवा, एखादा आकार कागदाबाहेर गेला तरी चालेल, आणि खाली अगदी थोडं. तीन कागद शेजारी भिंतीला लावा. रंग तेच असून तिघांचा स्वभाव वेगळा दिसला की पुढे मी सांगण्यासारखं फार काही राहत नाही.

मारव्याचा कागद झाला की एखाद्या संध्याकाळी तो घेऊन धुऱ्यावर उभे राहा. सूर्य गेलेला आहे, उजेड अजून आहे, पऱ्हाटीचे तास काळे पडत चालले आहेत, बंडीच्या चाकांनी उडालेला फुफाटा खाली बसत नाही आणि जमीन कुठे संपते ते दिसत नाही. तुमच्या कागदावर आधीच हे आलेलं असेल. तुमचं वावर चित्रात यायला हवं, पण ते या क्रमाने: आधी रागाच्या वजनाच्या जागा, मग त्या जागांवर तुमच्या ओळखीच्या वस्तू. या क्रमाने मोर आला तरी माझी हरकत नाही. तो रिषभाच्या जागी बसलेला असावा.

मारवा कोणाचा ऐकायचा, हेही सांगतो, कारण गायक बदलला की चित्र बदलतं. वसंतराव देशपांडे आपल्याकडचे, 1920 मध्ये मूर्तिजापूरला जन्मलेले, आणि मारवा हा त्यांचा गाजलेला राग. त्यांचा मारवा आक्रमक आहे, स्वरावर झडप घालतो, वळणं अचानक येतात. उस्ताद अमीर खाँ यांच्या मारव्यात घाई कुठेच नाही. त्यांचा आलाप दांडातून सरकणाऱ्या पाण्यासारखा आहे: एक सरी पुरती भिजल्याशिवाय पुढच्या सरीत जात नाही. दोन्ही ऐका, मधे काही रात्री जाऊ द्या, आणि दोन वेगळी चित्रं काढा. पहिल्याला माझा हात कोळशाकडे जातो, दुसऱ्याला पातळ रंगाच्या थरांकडे. तुमचा कदाचित उलटाही जाईल.

थरांवरून तंबोरा आठवला. नवे लोक तंबोऱ्याकडे लक्ष देत नाहीत, आणि त्यांच्या चित्रांत आकार हवेत तरंगतात. तंबोरा म्हणजे चित्राची जमीन, सगळ्या आकारांच्या मागून सारखी दिसत राहणारी. आधी एकाच रंगाचे तीन-चार पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या, मगच आकार सुरू करा, आणि त्या आकारांतूनही खालचा रंग थोडा झिरपू द्या. रात्री तुमच्या कानावर मालकंस बऱ्याचदा पडत असेल. त्यात पंचम वर्ज्य आहे, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात लावतात आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच सगळं वातावरण बदलतं. चित्रातही जमिनीचा रंग रागागणिक बदलावा. मालकंसाला मी काजळीत थोडा गेरू घालतो, निव्वळ काळं ठेवत नाही.

या बाबतीत चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची चित्रं जिथे दिसतील तिथे बघा. त्यांचा जन्म 1924 चा, नागपूरचा. ते गाण्याचे रसिक होते, वर्षाला मोजकीच चित्रं करत, आणि रोलर व पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत-उतरवत. त्यांच्या चित्रांवर रागांची नावं नाहीत, पण जमिनीचा रंग किती बोलू शकतो हे त्यांच्याइतकं कोणी दाखवलेलं मला माहीत नाही. बाहेरचं एक उदाहरण हवं असेल तर रशियन चित्रकार कॅन्डिन्स्कीचं. 2 जानेवारी 1911 ला म्युनिकमध्ये त्याने शोनबर्ग या संगीतकाराच्या संगीताचा कार्यक्रम ऐकला आणि लगेच एक चित्र केलं. कच्च्या रेखाटनात पियानो आणि श्रोते स्पष्ट आहेत. पुऱ्या चित्रातही पियानोचा काळा आकार ओळखू येतो, पण एक मोठा पिवळा सगळ्यावर चढून बसला आहे. पाहिलेलं त्याने फेकून दिलं नाही, फक्त एका गोष्टीला बाकी सगळ्यांपेक्षा मोठं होऊ दिलं. त्यात मला मोठं धाडस दिसतं.

रागातलं कळत नाही म्हणता, तर किती कळायला हवं? राग कोणत्या वेळेचा, त्यात कोणते स्वर वर्ज्य, भार कुठे, आणि ताल किती मात्रांचा. एवढं पुरे. बाकी कान तुमच्याकडे आहे. कार्तिकातला काकडा, सप्ताहातली भजनं, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं ऐकत वाढलेल्या माणसाला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते हे कोणी शिकवावं लागत नाही. त्याची मान आपोआप हलते. ती मान हातात उतरवायची, त्याला एक सराव आहे. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल लावा. बारा मात्रा, आणि अतिविलंबितात एका आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, पाऊण ते एक मिनिट सहज जातं. रुंद कागदाच्या डाव्या कडेवर समेला कोळसा टेकवा आणि पुढची सम येते तेव्हाच उजव्या कडेला पोचा. रेघ सरळ असो की वाकडी, मधे उचलायची नाही आणि लवकर पोचून थांबायचंही नाही. सुरुवातीला सगळे घाई करतात, अर्ध्या आवर्तनात कागद संपतो. हळूहळू हात वाट बघायला शिकतो. गाणं चालू असताना हात चालवायला मी एवढीच परवानगी देतो. हे कागद सरावाचे, चित्र म्हणून ठेवायचे नाहीत. एकताल जमला की झपताल घ्या, दहा मात्रांचा, दोन-तीन-दोन-तीन, आणि सहाव्या मात्रेला 'खाली', म्हणजे टाळी न देता सोडायची जागा, येते तिथे रेघेचा दाब एकदम कमी करा.

मोबाईलबद्दल एक महत्त्वाचं. फोनच्या छोट्या स्पीकरमधून खालचे आवाज जवळजवळ येतच नाहीत. खर्जाची तार, मंद्रातला आलाप, डग्ग्याचा घुमारा, सगळं गळतं आणि वरची तान तेवढी ऐकू येते. मग चित्रातही वरचीच लगबग येते, खालचं वजन येत नाही. साधे का होईना, कानात घालायचे इअरफोन वापरा. वावरात एकटे असाल तर एकच कान झाका, रात्री साप-विंचवाचं आणि रानडुकरांचं भान राहिलं पाहिजे. दोन्ही कान घरी, पलंगावर. गाणी आधी उतरवून ठेवा. आलापाच्या मधे जाहिरात आली की त्या रात्रीचं ऐकणं तिथेच संपतं.

आता सामान. वर्ध्याहून फक्त कागद आणा. चांगला जाड कागद थोडाच आणा, सरावाला कार्ट्रेज चालेल. कोळसा घरी होतो. चिंचेच्या पेन्सिलीएवढ्या काड्या सोलून वाळवा, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठासून भरा, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा आणि डबा चुलीच्या निखाऱ्यांत ठेवा. भोकातून धूर निघत राहतो. तो थांबला की डबा बाहेर काढा, पण पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, गरम उघडला तर हवा लागून काड्या पेट घेतात. पऱ्हाटीच्या काड्या हाताशी असतात, पण त्यांच्यावर फवारणी झालेली असते. त्या नको.

काळी माती कुटून पाण्यात कालवा, खडे खाली बसू द्या, वरचं गढूळ पाणी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा आणि जो गाळ बसेल तो वाळवून ठेवा. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळला की त्यात माती किंवा गेरू घोटायचा. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर चकाकतो आणि पापुद्रे निघतात. काळ्या मातीचा हात कायम पातळ द्या. ती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात त्याच कारणाने जाड थर कागदावरही तडकतो. काजळी पाण्यात नीट मिसळत नाही, आधी घट्ट डिंकात घोटून मग पाणी घाला. पळसफुलांचा रंग आणि हळद दिसायला देखणे असतात पण उजेडाने उडतात. ठेवायच्या चित्रात ते वापरू नका. गेरू, माती आणि काजळी टिकतात.

वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की पातळ रंगाचा हात कागदाच्या मध्यावर येईपर्यंत सुरुवातीचा भाग वाळून डाग पडतो. त्या दिवसांत उजाडता उजाडता काम करा, कागदाची मागची बाजू आधी ओली करून घ्या, आणि रंगाच्या वाटीत मधाचा एक थेंब टाका, वाळणं लांबतं. पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते. चित्रं वर्तमानपत्रात नको, कोरड्या कागदात गुंडाळून चुलीपासून फार लांब नसलेल्या भिंतीजवळ उंचावर ठेवा. रंगाची निवड दिवसाच्या उजेडातच करा. पिवळ्या बल्बखाली फिकट पिवळा आणि कोरा कागद सारखेच दिसतात.

चित्र दाखवायचं कोणाला? शहरातल्या प्रदर्शनाची घाई करू नका. भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला दाखवा, पखवाजवाल्याला दाखवा. राग सांगू नका. एवढंच विचारा: "नजर कुठे टेकते? कुठे जायला बघते आणि जाऊ शकत नाही?" त्याने बोट ठेवलेली जागा आणि तुम्ही ऐकलेली जागा एकच निघाली तर चित्र झालं आहे. वेगळी निघाली तर तोच राग आणखी एका रात्री लावा. चित्राच्या मागे मात्र पेन्सिलीने राग, गायक, ताल आणि तारीख लिहून ठेवा. शाईने लिहू नका, दमट हवेत ती फुटून पुढच्या बाजूला उमटते.